रामकुंडावर दोन हजार फोटो काढले, सगळे एकसारखे. सराव काय करू?

सिडकोकर
मंडळी, नाशिकमध्ये सातपूरला नोकरी, आठवड्यात एकच सुट्टी. गेल्या दिवाळीत सेकंडहँड डीएसएलआर घेतला, सोबत १८-५५ ची लेन्स. दर सुट्टीला पहाटे रामकुंडावर असतो. परवा बायको शेजारी बसून फोटो बघत होती. दहाव्या मिनिटाला म्हणाली, "हा मघाशी दाखवला ना?" नव्हता हो, तो वेगळ्या महिन्यातला होता! आता ५० एमएमची लेन्स घेऊ की काही सराव आहे? "वेगळ्या नजरेने बघा" छाप सल्ले नकोत. सकाळी उठून करता येईल असं सांगा.

जुना स्टुडिओवाला
लेन्स राहू दे. घरात चिकटपट्टी असेलच. झूमची रिंग ३५ वर आणा आणि पट्टी मारा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, एपीएस-सी असणार. त्यावर ३५ म्हणजे आमच्या फिल्मच्या हिशेबाने जवळपास ५० च. मागच्या स्क्रीनवर पुठ्ठा लावा. क्लिक ३६ च, रोल संपला की घरी.

आणि रामकुंड महिनाभर बंद. तिथे धुकं, दिवे, पाणी सगळं ताटात वाढलेलं असतं, तुम्ही फक्त जेवताय. भांडी बाजार, तांबट लेनच्या बाजूला जा. एखादा कारागीर मठारकाम, म्हणजे भांडं हातोडीने ठोकायचं काम, करताना दिसला तर आधी विचारा, मग समोर तासभर बसा. पहिले दहा फोटो वाया जाणार, कारण तो तुमच्याकडे बघून हसत असतो. मग तो तुम्हाला विसरतो. हंड्याच्या पोटावर ठोक्यांच्या ओळी चढत जातात, नवा ठोका लखलखीत, न ठोकलेला पत्रा अजून काळपट. शटर १/५०० सेकंदाला ठेवलं तर हातोडी हवेत थांबते, १/३० ला नुसता फराटा उरतो. १/३० ला कोपरं पोटाशी घट्ट धरा, नाहीतर दुकानही हलेल.

निफाडची
काकांचं पटलं, पण मला ३६ सुद्धा जास्त वाटतात. मी रोज एकच काढते, तोही मोबाईलवर. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेतला एक ओलांडा, म्हणजे वेलीची आडवी फांदी, धरायचा, रोज सकाळी सातला, त्याच दगडावर उभं राहून. आठवडाभर नुसतं लाकूड. मग फांदीवरचे डोळे फुगतात, पोंगा म्हणजे कोवळा कोंब येतो आणि रोज काहीतरी वेगळं दिसायला लागतं. आपल्या त्र्यंबकला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीही कुंडीत वाटाणा पेरून महिनाभराहून जास्त त्याची वाढ चित्रित केली होती.

गेल्या वर्षी अवकाळीनंतर डावणी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आली. मागचे फोटो चाळले, तर पानावरचा तेलकट पिवळा डाग दोन दिवस आधीच्या फोटोत होता. मीच काढलेला फोटो आणि मलाच दिसला नव्हता! तेव्हापासून पप्पा रोज माझा मोबाईल मागतात.

सिडकोकर
काल करून आलो. २९ क्लिक झाले, मग पाऊस. पुठ्ठ्यामुळे हात सारखा मागे जात होता. तांबट लेनमधले दोन बरे आलेत, बायकोने आपणहून झूम करून बघितले. पण येताना काळारामाला बाहेरून फोटो काढले, तर काळा दगड सगळा राखाडी. कॅमेरा बिघडला का?

जुना स्टुडिओवाला
कॅमेरा ठणठणीत आहे. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असंच वाटतं. काळा दगड फ्रेमभर दिला की तो उजळवतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग, उणे एक करून बघा, दगड काळा येईल. घाटावर वाळत घातलेली पांढरी धोतरं काढायची तर उलट, अधिक एक. पुढच्या सुट्टीचा धडा हाच: एकदा काळं, एकदा पांढरं, दोन्ही तीन-तीन एक्स्पोजरमध्ये.

सिडकोकर
करतो. फक्त एक सांगा, चिकटपट्टीचा गोंद रिंगवर राहिलाय. खोबरेल तेल लावू?

जुना स्टुडिओवाला
अहो, तेल नको! फडक्याला थेंबभर स्पिरिट लावून पुसा, तेही फक्त रिंग. काचेजवळ जाऊ नका. पुढच्या वेळी रंगारी वापरतात ती कागदी पट्टी आणा.