कांचनाबुरीला गेला होतात? अनुभव लिहा

दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन बँकॉकला जातेय. मॉल त्यांना तासाभरात पुरेल, म्हणून दोन दिवस कांचनाबुरीसाठी काढलेत. बँकॉकच्या पश्चिमेला साधारण १३० किमी, दोन नद्यांच्या संगमावरचं गाव, आणि नाव थेट आपलं कांचनपुरी! जाऊन आलेल्यांनी मनमोकळं लिहा, फसलात तेही. आई शुद्ध शाकाहारी, बाबांचे गुडघे कुरकुरतात.

पायपीट
रेल्वेनेच जा. ती थोनबुरी स्टेशनातून सुटते. आम्ही मुख्य स्टेशनवर जाऊन उभे राहिलो आणि सकाळची गाडी हुकली, मग टॅक्सीवाल्याने लुटलं ते वेगळंच. परदेशी माणसाला तिकीट १०० बाट, तिसरा वर्ग, एसी नाही, खिडक्या सताड उघड्या. कांचनाबुरीला उतरू नका, पुढे नाम टोकपर्यंत बसा. थाम क्रासेला गाडी कड्याला चिकटलेल्या लाकडी पुलावरून मुंगीच्या पावलांनी जाते, खाली क्वे नोई नदी. डावीकडची खिडकी पकडा.

मास्तर
नावाचा घोळ सांगतो. 'क्वे' म्हणजे उपनदी. आपण 'क्वाय' म्हणतो, तो थाई कानाला म्हैस वाटतो. गंमत म्हणजे गावातला प्रसिद्ध रेल्वेपूल दुसऱ्या महायुद्धात बांधला तेव्हा तिथली नदी मे क्लोंग म्हणून ओळखली जायची. १९५७ च्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या हॉलिवूड सिनेमानंतर पर्यटक 'क्वाय' नदीवरचा पूल विचारत यायला लागले, तेव्हा १९६० मध्ये नदीच्या त्या भागाचंच नाव बदलून क्वे याई केलं. सिनेमाचं चित्रीकरण तर सिलोनात झालं होतं! पुलाच्या गोलाकार कमानी मूळच्या, मधल्या दोन चौकोनी कमानी बॉम्बहल्ल्यानंतरच्या.

सिंगापूरकर काकू
मास्तर, पूल आम्ही दहा मिनिटांत उरकला. माझे यजमान तमिळ. त्यांच्या आजीचा धाकटा भाऊ मलायातल्या रबराच्या मळ्यात होता. 'सयामला (म्हणजे थायलंडला) काम आहे, पैसे बरे मिळतील' असं सांगून नेला, तो आलाच नाही. १९४२-४३ मध्ये जपान्यांनी बान पोंगपासून बर्मातल्या थानब्युझायतपर्यंत ४१५ किमी रेल्वे रेटून बांधून घेतली, हा पूल तिच्यावरचाच. साठ हजारांवर युद्धकैदी राबले, त्यातले बारा हजारांवर मेले. आशियाई मजूर याच्या कितीतरी पट होते, तमिळ, बर्मी, जावाचे, मलय. त्यांच्यातल्या मेलेल्यांचा अंदाज नव्वद हजारांच्या आसपास. अंदाजच, कारण कुणी नोंद ठेवली नाही.

गावातल्या युद्धस्मशानात युद्धकैद्यांची ६,९८२ थडगी आहेत. हिरवळ कातरलेली, बहुतेक पाट्यांवर नाव आणि वय. तेवीस, एकोणीस, पंचवीस. हे प्रत्येक रांगेत वाकून वाचत होते. मी म्हटलं, अहो, मामाआजोबांचं नाव इथे नसणार. म्हणाले, माहीत आहे. तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेले.

शेजारीच वाट थावोर्न वराराम हे देऊळ आहे, तिथे मजुरांच्या सामूहिक दफनाचं स्मारक आहे. तमिळ मजुरांसाठी अलीकडे नडुकलही उभारलाय, म्हणजे आपल्याकडच्या वीरगळासारखी शिळा. नाव तिथेही नाही. यांनी चमेलीचा गजरा ठेवला आणि आम्ही निघालो.

दोन चिल्लीपिल्ली
काकू, वाचून गप्प झाले. आता हलकं लिहायला कसंतरी वाटतंय, पण मुलं असतील तर एरावानचा धबधबा चुकवू नका. नावात आपला ऐरावत! सात टप्पे, पाणी निळसर-हिरवं, आणि मासे पायांना चावे घेतात. धाकटी किंचाळत सुटली. बाबांना पहिले दोन-तीन टप्पे जमतील, वर चढण आहे. दुसऱ्या टप्प्यापाशी बाटलीमागे २० बाट अनामत घेतात, रिकामी बाटली दाखवली की परत. माकडांपासून बॅग सांभाळा.

पोटोबा
आईंसाठी: पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की 'जे', म्हणजे थाई शुद्ध शाकाहारी जेवण. त्यात कांदा-लसूणही नसतो, चातुर्मासवाल्यांची चंगळ. इतरत्र 'माई साय नाम प्ला' म्हणा, म्हणजे माशांचा सॉस घालू नका. तरी एकदा वास घेऊनच खा.

निद्रानाश
नदीवर तरंगती खोली घेऊ नका. घेतलीच तर गावापासून लांब. आमच्यासमोरून कराओकेचे तराफे मध्यरात्रीपर्यंत ये-जा करत होते. एक काका तर दर फेरीला तेच गाणं.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काकू, देवळाचं नाव बाबांनी डायरीत उतरवून घेतलंय. पायपीट, डावी खिडकी म्हणजे जातानाची ना?

पायपीट
हो. येताना उजवी.