मदत हवी आहे: ‘फारकत’ म्हणजे नेमकं काय?

नमस्कार. मी ठाण्याची, नौपाड्यात राहते. आईच्या मावशीच्या ट्रंकेत एक ‘फारकतनामा’ सापडला. शाई पुसट झाली आहे, नावं तेवढी वाचता येतात. हा काडीमोडाचा कागद असेल की भावांमधल्या वाटणीचा? फारकत दोन्हीकडे म्हणतात ना! आमच्याकडे नवरा-बायकोच्या बाबतीत ‘सोडचिठ्ठी’च ऐकलंय.

1955च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीप्रमाणे होणारा घटस्फोट कलम 29 मध्ये मान्य ठेवलाय, म्हणून हा शब्द महत्त्वाचा वाटतो. मावशीआजीला ‘टाकलेली’ म्हणायचे, मला तो शब्द फार लागतो. रीतसर फारकत झाली असेल तर घरच्यांना ते कळायलाच हवं.

तुमच्या गावाकडे फारकत कोणत्या अर्थाने म्हणतात? जुने दस्त वाचणारं कुणी ठाण्यात आहे का?