गिऱ्हा तीन राउंडमध्ये मरतो : भुतांचे एन्काउंटर कसे बांधावेत?

खाडीकाठ

नमस्कार. आम्ही पाच जण दर पंधरा दिवसांनी ठाण्यात जमतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ सालचे, नियम घेऊन तळकोकणातल्या खाड्या आणि घाटवाटांवर बेतलेली मोहीम मी गेम मास्टर, म्हणजे गोष्ट आणि राक्षस सांभाळणारा, म्हणून चालवतो. गेल्या महिन्यात एका एन्काउंटरमध्ये, म्हणजे खेळाडूंची कोणाशी गाठ पडते त्या प्रसंगात, गिऱ्हा हे पाण्यातले भूत आणले. त्याला ६० हिट पॉइंट्स (जीव मोजायचे आकडे), १३ आर्मर क्लास (वार लागायला फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) आणि दर राउंडला, म्हणजे सगळ्यांच्या एकेका पाळीच्या फेरीला, दोन हल्ले दिले होते. खेळाडू चार, सगळे तिसऱ्या लेव्हलचे. ज्याच्या नावाने लहानपणी आम्हांला दिवेलागणीनंतर खाडीकडे फिरकू देत नसत, तो तीन राउंडमध्ये संपला. म्हणून पुढच्या बैठकीला त्याच्या भावाला १२० हिट पॉइंट्स दिले. तो सहा राउंड टिकला, पण भीती कोणालाच वाटली नाही. एक खेळाडू तर आपली पाळी येईपर्यंत चहा टाकून आला.

यापुढे चकवा आणि मुंजा आणायचे आहेत. गिऱ्ह्याचे आकडे कुठे चुकले, आणि चकव्यासारख्या, ज्याला मारायला शरीरच नाही अशा भुताचे नियम कसे लिहावेत, हे दोन प्रश्न आहेत.

वीसबाजू

आकडे चुकलेले नाहीत, ते सांगतात तेच घडले आहे. तिसऱ्या लेव्हलच्या लढवय्याचा हल्ल्याचा बोनस साधारण पाच असतो. १३ आर्मर क्लास भेदायला वीस बाजूंच्या फाशावर त्याला ८ किंवा अधिक लागतात, म्हणजे शंभरातले ६५ वार लागतात. दर वाराला सरासरी साडेसात हिट पॉइंट्स धरले, तर चौघांचे मिळून एका राउंडला साडेएकोणीसच्या आसपास होतात, आणि ६० ला तीनाने भागून पाहा, हिशेब जुळतो. या वेळात खेळाडूंचे बारा वार झाले आणि गिऱ्ह्याचे सहा. एकट्या राक्षसाची अडचण नेहमी हीच असते: त्याचे बळ कमी नसते, त्याच्या वाट्याला पाळ्या कमी येतात. हिट पॉइंट्स दुप्पट करून तुम्ही फक्त त्याचे मरण लांबवलेत. याच कारणाने त्या आवृत्तीत मोठ्या राक्षसांना ‘लेजेंडरी ॲक्शन्स’ दिल्या आहेत; इतरांची पाळी संपली की ते मध्येच काहीतरी करू शकतात. गिऱ्ह्याला अशी एक जरी कृती दिलीत, तरी फरक जाणवेल.

मात्र माझ्या मते खरी चूक जागेची आहे. तो काठावर येऊन लढला का? गिऱ्ह्याने पाण्याबाहेर यायचे कारणच काय? त्याने एकाला धरावे आणि दर राउंडला २० फूट आत ओढत न्यावे. इथे एक सावधगिरी हवी. या नियमांत बुडून मरणे फार संथ आहे: माणूस एक मिनिट अधिक त्याच्या कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) बोनसइतकी मिनिटे श्वास रोखू शकतो, आणि राउंड सहाच सेकंदांचा असतो. बोनस २ असेल तर ३० राउंड झाले. तेवढ्यात लढाई केव्हाच आटोपलेली असते. तेव्हा भीती श्वासावर टांगू नका, उजेडावर टांगा. मशालीचा प्रखर उजेड २० फूट आणि त्यापुढे अंधुक उजेड आणखी २० फूट पोहोचतो. तिसऱ्या राउंडला ओढलेला सोबती काळोखात दिसेनासा होतो, आणि मशाल घेऊन पाण्यात उडी टाकणाऱ्याची मशाल विझते. मग आर्मर क्लास १३ असो वा ११, नेम धरायचा कुठे?

पिंपळपार

वरच्या हिशेबाशी मी सहमत आहे, परंतु दोघेही लढाई होणारच असे गृहीत धरून चालला आहात. खेळाच्या १९८१ सालच्या ‘बेसिक’ संचात भेट झाल्याबरोबर गेम मास्टर दोन सहा बाजूंचे फासे टाकून समोरच्याची वृत्ती ठरवत असे. २ आले तर थेट हल्ला, ३ ते ५ आले तर वैर, ६ ते ८ ला संभ्रम, ९ ते ११ ला तो हल्ला करत नाही, निघून जातो किंवा बोलणे ऐकून घेतो, आणि १२ ला चक्क मैत्री. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी थेट हल्ल्याची एकच आहे आणि संभ्रमाच्या सोळा. त्याच संचात प्रत्येक प्राण्याला २ ते १२ यांमधला मोराल, म्हणजे धीराचा आकडा, असे. गटातला पहिला पडला किंवा निम्मे पडले की पुन्हा दोन फासे टाकायचे. बेरीज मोरालपेक्षा जास्त आली तर पळ किंवा शरणागती. मोराल ८ असेल तर दर वेळी ३६ पैकी १० शक्यता पळण्याच्या. पुढच्या आवृत्त्यांत हे नियम मागे पडले, याचे मला अजून वाईट वाटते.

आपल्या भुतांना हे नियम अंगच्या कपड्यासारखे बसतात, कारण त्यांच्या गोष्टींत मुळात लढाई नसतेच, अट असते. गिऱ्ह्याची शेंडी ज्याच्या हाती लागेल त्याचा तो ताबेदार होतो आणि ती परत मिळेपर्यंत सांगेल ते काम करतो, असे कोकणात सांगतात. मग तुमच्या एन्काउंटरचे ध्येय ६० हिट पॉइंट्स कशाला, शेंडीच ठेवा: डोके पाण्याबाहेर असेल त्याच राउंडला, १७ आर्मर क्लासविरुद्ध एक वार. शेंडी कोणी ठेवायची, यावरून गटात जे भांडण होईल ते फुकटात मिळेल. मुंजाचेही तसेच. तो मुंज झालेला पण सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा आहे, पिंपळावर राहतो. पोराला तलवारीने मारून खेळाडूंना काय मिळणार? त्याला काय हवे आहे ते आधी लिहा, आकडे नंतर.

चकव्याला हिट पॉइंट्स देऊच नका. तो वाटेचा नियम आहे. रात्रीचे चार प्रहर, दर प्रहराला दोनदा सहा बाजूंचा फासा टाका. १ आला की चकवा लागला, म्हणजे गट फिरून त्याच जागी येणार. आठ फेकींत तो एकदा तरी लागण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के आहे. लागला की उजाडेपर्यंत सुटका नाही.

वीसबाजू

शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. ‘सुटका नाही’ असे ऐकले की खेळाडू फासे खाली ठेवून फोन हातात घेतात. चकवा लागल्यावर जागच्या जागी बसून राहावे, हा लोकांचा सल्ला आहे ना? तोच पर्याय म्हणून समोर ठेवा. बसले तर चकवा निरुपद्रवी, पण प्रहर वाया जातो. चालत राहिले तर पुढच्या प्रत्येक फेकीला थकव्याची एक पायरी. आणि मोहिमेत उजाडण्याआधी कुठेतरी पोहोचणे भाग असलेच पाहिजे, नाहीतर सगळे मुकाट्याने बसतील आणि नियमाला अर्थच उरणार नाही.

पिंपळपार

मान्य. थकव्याच्या सहाव्या पायरीला २०१४ च्या नियमांत मृत्यू आहे, एवढे मात्र खेळाडूंना आधीच सांगून ठेवा.

खाडीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. काल प्रयोग केला. गिऱ्ह्याला ४५ हिट पॉइंट्सच ठेवले आणि वृत्तीचे फासे टाकले, ७ आले. त्यामुळे तो नुसता पाण्यातून आमच्या धनुर्धराला नावाने हाक मारत राहिला, आणि ओ द्यावी की नाही यावर टेबलाभोवती बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी त्याने ओ दिली. दुसऱ्या राउंडला तो ४० फुटांवर होता आणि मशालवाला काठावरच अडखळला. शेंडी हाती लागली नाही, धनुर्धर वाचला, त्याचे धनुष्य मात्र खाडीत गेले, आणि पुढच्या बैठकीला सगळे तिथेच परत जायचे म्हणत आहेत. चहाला या वेळी कोणी उठले नाही. आता धनुष्य परत देण्याच्या बदल्यात गिऱ्ह्याने काय मागावे, एवढे सुचवा.