फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला गोळी द्यावी का?

रामबागकर:
भारत मॅच जिंकला की राजवाड्यावर काय धिंगाणा होतो ते इंदूरकरांना सांगायला नको. मागच्या वेळी आमच्या ब्रूनोने बाथरूमच्या दाराची कड कुरतडून ठेवली, लाळेने छाती ओली. डॉक्टर म्हणतात फ्लुओक्सेटिन ही चिंता कमी करणारी गोळी सुरू करू. मी म्हणतो, भित्रेपणा हा त्याचा स्वभाव. मेंदूतली रसायनं ढवळणं म्हणजे निव्वळ मालकाची सोय.

छप्पनवाला:
भिया, स्वभाव म्हणजे तरी काय? उंदराला अधिकच्या चिन्हासारख्या उंच मार्गावर सोडतात. दोन बाजूंना भिंती, दोन उघड्या. तो आडोसा सोडत नाही. डायझेपाम हे चिंताशामक औषध दिलं की उघड्यावर जास्त फिरतो, कारण ते गाबा या मेंदू शांत करणाऱ्या रसायनाचा असर वाढवतं आणि चेतापेशी थंडावतात. 2014 मध्ये फ्रान्समध्ये क्रेफिश या झिंग्यासारख्या जिवावरही हेच दिसलं. विजेचे धक्के दिल्यावर ते उजेड टाळू लागले, मेंदूत सेरोटोनिन हे संदेश पोचवणारं रसायन वाढलेलं. चिंताशामक औषधाने पुन्हा उजेडात आले. पाठीचा कणा नसलेल्या जिवाचं हे, आणि तुम्ही स्वभाव धरून बसलात!

सुदामानगरची काकू:
यातच गोम आहे. क्रेफिशला सेरोटोनिन वाढून भीती वाटली, आणि ब्रूनोला द्यायचं फ्लुओक्सेटिनही सेरोटोनिनच वाढवतं! ‘रसायन कमी म्हणून भित्रा’ हा हिशेब इतका सरळ नाही. शिवाय ज्या पिल्लांना उंदरीण जास्त चाटते ती मोठेपणी कमी घाबरतात, ताणाच्या हार्मोनला त्यांचा मेंदू लवकर आवर घालतो.

रामबागकर:
मग मी वेगळं काय म्हणत होतो? माया करा.

सुदामानगरची काकू:
मायाही रसायनातूनच पोचते हो. मी गोळीच्या विरोधात नाही, अर्धवट समजुतीच्या विरोधात आहे.

गुरांचा डॉक्टर:
फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत 2007 साली मंजुरी मिळाली ती एकटं राहण्याच्या चिंतेसाठी, तीही वागणूक सुधारायच्या सरावासोबत. असर दिसायला काही आठवडे जातात, आज रात्रीच्या मॅचला उपयोग शून्य. आवाजाच्या भीतीसाठी तिथे 2016 मध्ये डेक्समेडेटोमिडिनचं जेल आलं. हिरडीला लावायचं, नॉरॲड्रेनालिन हे ताणाचं रसायन कमी सुटतं. मालकाची सोय म्हणाल तर एसप्रोमॅझिन हे गुंगीचं औषध बघा. कुत्रा निपचित पडतो, घर शांत. भीती मात्र आत तशीच. लोक हेच मागायला येतात.

रामबागकर:
हे पटलं. फ्लुओक्सेटिनला मात्र अजून नाहीच. आधी आतल्या खोलीत अंथरूण, खिडक्या बंद.

छप्पनवाला:
घाला अंथरूण. पण पुन्हा दार कुरतडलं तर स्वभाव म्हणून सोडू नका.