पिच : पट्टी, टप्पा, आटे आणि ढाळ

परभणीच्या एका स्नेह्यांनी मला एका यंत्राचे मराठी माहितीपत्रक दाखवले. त्यात स्क्रूच्या ‘पिच’साठी ‘मळसूत्राची खेळपट्टी 1.5 मिमी’ असे स्वच्छ छापलेले होते. हसून झाल्यावर त्यांनी विचारले की, ‘पिच’ला मराठीत एकच प्रतिशब्द का नसावा? माझ्या मते तो शोधूच नये, कारण इंग्रजीने एका शब्दात जे कोंबले आहे ते मराठीने बोलता बोलता केव्हाच वेगळे करून ठेवले आहे.

गाण्यात आपण ‘पट्टी’ म्हणतो. पेटीवर बोटाखाली येते तीही पट्टी, आणि गवई जिच्यावर आपला षड्ज धरतो ती त्याची पट्टी. गावच्या भजनात बुवा पेटीवाल्याला ‘काळी एक धरा’ म्हणाले की पुढचे सगळे सूर कोठून मोजायचे ते ठरून जाते. मात्र पट्टी म्हणजे सर्वार्थाने पिच नव्हे, कारण ती षड्जापुरती असते. गाताना एखादा निषाद किंचित खाली लागला तर आपण ‘निषाद उतरला’ म्हणतो, ‘पट्टी उतरली’ असे कोणी म्हणत नाही. सुट्या स्वराचा हा गुण कंपनसंख्येवर ठरतो आणि विज्ञानाच्या पुस्तकांत त्याला ‘उच्चनीचता’ म्हणतात. 440 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 440 कंपनांचा, प्रमाण स्वर धरून वाद्ये जुळवली, तर मधल्या सप्तकातली पांढरी एक सुमारे 261.6 हर्ट्झची येते. गोंधळ होतो तो ‘चढवणे’ या क्रियापदाने. ‘आवाज चढवू नका’ असे दटावणाऱ्याच्या मनात आवाजाचा मोठेपणा असतो, पण ‘तबला जरा चढवा’ म्हटल्यावर गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या वेणीवर, हातोडी पडते आणि सूर वर जातो; आवाज मोठा होतोच असे नाही.

खेळपट्टीतली पट्टी जमिनीची आहे, 22 यार्ड म्हणजे 20.12 मीटर लांब आणि 10 फूट रुंद. (या 22 चा संबंध सप्तकातल्या 22 श्रुतींशी जोडणारे एक गृहस्थ मला भेटले आहेत, त्यांना लांबूनच नमस्कार.) इंग्रजीत यष्ट्या ‘पिच’ करतात, म्हणजे रोवतात, त्यावरून त्या जागेलाही तेच नाव मिळाले, आणि चेंडू जमिनीवर पडण्यालाही तोच शब्द चालतो. मराठीत त्यासाठी ‘टप्पा’ हा चोख शब्द आहे. ‘चेंडू यष्टीबाहेर पिच झाला’ असे लिहिलेले वाचले की मला टोचते. ‘टप्पा यष्टीबाहेर पडला’ हे सरळ आहे. आमच्याकडची पोरे काळ्या रानात खेळताना ‘पिच ओलं आहे, थांबा’ म्हणतात, ते मात्र खुशाल म्हणावे.

खरी अडचण कारखान्यातल्या पिचची आहे. स्क्रूला आटे असतात, गॅरेजात त्यांनाच चुड्या म्हणतात, आणि एका आट्यापासून लगतच्या आट्यापर्यंतचे अक्षाला समांतर अंतर म्हणजे पिच. 10 मिलिमीटर व्यासाच्या मेट्रिक बोल्टचे नेहमीचे पिच 1.5 मिमी असते, पण त्याच जाडीचे 1.25 मिमीचे बारीक आटेही मिळतात. दोन्ही हातात घेतले तर फरक पटकन दिसत नाही. नट दोन-तीन फेरे नीट बसल्यासारखा वाटतो, मग अडतो, आणि त्यावर पाना लावून जोर केला की चुड्या जातात. मायक्रोमीटर या जाडी मोजण्याच्या उपकरणातल्या स्क्रूचे पिच बहुधा 0.5 मिमी आणि त्याच्या फिरत्या नळीवर 50 भाग, म्हणून एक भाग 0.01 मिमीचा. येथे एक खबरदारी घ्यावी. ‘एका फेऱ्यात स्क्रू जितका पुढे सरकतो ते पिच’ ही व्याख्या एकेरी आट्यांना लागू पडते. दुहेरी आट्यांचा, म्हणजे दोन आटे शेजारीशेजारी गुंडाळत नेलेला, स्क्रू एका फेऱ्यात पिचच्या दुप्पट सरकतो. सायकलच्या साखळीतही पिच असते, दोन लगतच्या पिनांच्या मध्यांमधले 12.7 मिमी अंतर, पण तेथे आट्यांचा काही संबंध नाही. म्हणून वर्कशॉपात ‘पिच’च बोलावे आणि लिहिताना कशातले अंतर ते उघड सांगावे.

छपराच्या पिचला ‘ढाळ’ हा शब्द तयारच आहे. सपाट दिसणाऱ्या माळवदालाही पाणी पन्हाळीकडे जाईल इतका ढाळ गवंडी ठेवतोच. डांबरासारख्या काळ्या चिकट पदार्थाला इंग्रजीत पिच म्हणतात तो शब्द मुळातच वेगळा, लॅटिनमधून आलेला आहे, त्यामुळे या चर्चेतून तो वगळावा. माहितीपत्रकातल्या त्या ओळीपुरते सांगायचे तर ‘दोन आट्यांमधील अंतर 1.5 मिमी’ असे छापले असते, तर स्नेह्यांच्या कामगाराला विचारायला यावे लागले नसते.