लॅब्रॅडोर ३८ किलोची झालीय, किबल (कुत्र्याचं पाकिटातलं कोरडं खाणं) तर दोनच वाट्या. चुकतंय कुठे?

भुसावळकर:
लॅब्रॅडोर मादी, वय ६ वर्षं, नसबंदी होऊन ३ वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी ३२ किलो होती, आज ३८. थायरॉइडची तपासणी केली, नॉर्मल आली. खाणं असं: सकाळ-संध्याकाळ एकेक मोठी वाटी किबल (पाकिटावर प्रथिनं २२, फॅट १०, तंतू ५, ओलावा १० टक्के, कॅलरी छापलेल्या नाहीत). दुपारी आणि रात्री दादरची (ज्वारीची) एकेक भाकरी, दोन्ही वेळचं मिळून पाव लिटर म्हशीचं दूध. चहाच्या वेळी ग्लुकोजची ६-७ बिस्किटं. किबल आधीच कमी आहे, अजून कमी करू? की 'लाइट' (कमी कॅलरीची) किबल आणू? की घरचं चिकन-भात? मे महिन्यात फिरवणंही होत नाही, सकाळी आठलाच ऊन पोळतं.

तापीकाठ:
किबलला हात लावू नका. तुमच्या यादीत सगळ्यात कमी दोष तिचाच आहे.

आधी पाकिटावरून कॅलरी काढा. १०० मधून प्रथिनं, फॅट, तंतू, ओलावा वजा करा, खनिजांची राख म्हणून आणखी ८ वजा करा. उरले ४५, ते पिष्ट. प्रथिनं आणि पिष्ट यांना साडेतीनने गुणायचं, फॅटला साडेआठने. ७७ + १५८ + ८५, म्हणजे १०० ग्रॅमला ३२०.

आता दिवसाची बेरीज. मोठी वाटी ११० ग्रॅमची धरली तर दोन वाट्यांच्या ७०० कॅलरी. भाकरीला ६५ ग्रॅम पीठ लागलं तर एकीच्या २२५, दोघींच्या ४५०. म्हशीच्या पाव लिटर दुधाच्या २५०. बिस्किटांच्या १५०. एकूण १५५०. यातलं निम्मंअधिक किबलच्या बाहेरून येतंय.

तिला लागतं किती? योग्य वजन ३० किलो धरा. मोबाइलवर ३० × ३० × ३० करा, २७,००० येतात. वर्गमूळ १६४. त्याचं पुन्हा वर्गमूळ १२.८. गुणिले ७०, म्हणजे साधारण ९००. वजन उतरवायचं असेल तर सुरुवात या आकड्यापासून करायची. हिशोब आजच्या ३८ वर नाही, ३० वर करायचा. बरेच जण इथेच चुकतात आणि आहे त्या चरबीलाच खायला घालत राहतात.

वरखाऊ, म्हणजे किबलशिवायचं खाणं, दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं, म्हणजे ९०-१०० कॅलरी. उरलेल्या ८०० किबलमधून, म्हणजे रोज २५० ग्रॅम. म्हणजे तुमची किबल २२० वरून ३० ग्रॅमने वाढतेय. कारण साधं आहे: प्रथिनं, खनिजं, जीवनसत्त्वं मोजून घातलेली आहेत ती किबलमध्येच. किबल कापून भाकरी चालू ठेवली तर चरबीबरोबर स्नायूही झडतो.

१५५० वरून ९०० वर एका दिवसात येऊ नका. ८-१० दिवसांत या. आधी बिस्किटं बंद, मग दूध, मग भाकरी.

एक गोष्ट आजच करा. दोन्ही वाट्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. सपाट भरलेली वाटी आणि शीग लावलेली वाटी यांत सहज २०-३० ग्रॅमचा फरक निघतो, आणि भरणारा माणूस बदलला की शीगही बदलते.

भुसावळकर:
वाटी मोजली. मी भरली तर १०५, मुलाने भरली तर १३८! दोन अडचणी आहेत. आई शेवटची भाकरी कुत्र्याला घातल्याशिवाय जेवत नाही. आणि ही रात्री ताटाशी बसून अशी बघते की उपाशी ठेवल्यासारखं वाटतं.

तापीकाठ:
आईंना भाकरी घालू द्या, फक्त चतकोर. चतकोराच्या ५५ कॅलरी होतात, त्या शंभरात बसतात. घास कुत्र्याला गेला की नेम पाळला गेला, अख्खी भाकरी कुणी मागितलेली नाही. तूप लावू नका.

बाकीच्यांसाठी डबा. सकाळी २५० ग्रॅम किबल तोलून एका डब्यात काढा. दोन्ही जेवणं त्यातूनच, आणि ज्याला लाड करायचे त्याने चार दाणे त्यातूनच द्यायचे. डबा रिकामा झाला की दिवस संपला. घरात पाच माणसं असली तर प्रत्येकाला आपण एकच बिस्किट दिलं असं वाटतं. ते डब्याशिवाय थांबत नाही.

बघण्याचं म्हणाल तर लॅब्रॅडोरची भूक हा खरंच वेगळा विषय आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की सुमारे पाव लॅब्रॅडोरांमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशी कुत्री अन्नामागे जास्त असतात. ती मागते म्हणजे तिला कमी पडतंय असं नाही. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून जेवणात १५० ग्रॅम वाफवलेलं गिलकं (घोसाळं), दुधी किंवा गंगाफळ (लाल भोपळा) कुस्करून घाला. मीठ, तेल, फोडणी काही नको. कॅलरी ३०-४०. दुधी आधी चाखून बघा, कडू असेल तर फेका.

भरीत, शेवभाजीचा रस्सा, काळ्या मसाल्याचं काहीही पूर्ण बंद. त्यात कांदा-लसूण असतो. कांदा कच्चा, भाजलेला, वाळवलेला, कसाही असला तरी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि अशक्तपणा काही दिवसांनी दिसतो, म्हणून लोक दोन्हीचा संबंध जोडत नाहीत. मनुका, द्राक्षंही नकोत. केळीच्या दोन-तीन चकत्या चालतील, अख्ख्या केळीच्या मात्र १०० कॅलरी होतात.

श्वानपाल_धुळे:
ऊन आणि चिकन-भात यावर लिहितो.

वजन चालण्याने फार उतरत नाही. ३० किलोचा कुत्रा दोन किलोमीटर चालून ६० च्या आसपास कॅलरी जाळतो, म्हणजे तीन बिस्किटं. म्हणून मे महिन्यात फिरवणं बुडतंय याची चिंता नको. पहाटे साडेपाचला २० मिनिटं पुरेत. रात्री निघण्याआधी हाताची पालथी बाजू डांबरावर ७ सेकंद टेकवा. टिकत नसेल तर तिचे तळवेही टिकणार नाहीत. आपल्याकडचं डांबर रात्री नऊपर्यंत ताप धरून असतं. जाड कुत्रं लवकर तापतं: धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, पाय लटपटतात. असं दिसलं तर अंगभर पाणी ओता, पंख्यासमोर ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

घरचं चिकन-भात पोट भरतं, पण बोनलेस चिकन आणि भातात कॅल्शियम जवळजवळ नाही. अंड्याच्या टरफलाची बारीक पूड अर्धा चमचा घातली की साधारण १ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. पण जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व तरीही कमीच राहतात. महिनोन्महिने द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून पूरक पावडर ठरवून घ्या. शिजवलेलं हाड अजिबात नको.

'लाइट' घ्यायची असेल तर वर तापीकाठांनी दिलेला हिशोब त्या पाकिटावर करून बघा. नाव लाइट आणि आकडा ३४० निघाला तर पैसे कशाला घालवता? सुटी किबल घेऊ नका, आपल्या उन्हात तिचं फॅट खवट होतं. मूळ पाकीट घट्ट बंद करून ठेवा.

तापीकाठ:
वजन करायला धान्याच्या दुकानातला मोठा काटा बरा. दर दोन आठवड्यांनी, त्याच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी. आठवड्याला शरीराच्या १ ते २ टक्के उतरायला हवं, म्हणजे तिचं ४०० ते ७५० ग्रॅम. तीन आठवडे काटा हलला नाही तर डबा २२५ ग्रॅमचा करा. २ टक्क्यांहून वेगाने उतरत असेल तर वाढवा. ३० ला पोचायला पाच-सहा महिने लागतील.

मधल्या काळात बरगड्यांवरून बोटं फिरवा. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर फार रोड, तळहातासारख्या दबलेल्या लागल्या तर जाड, हाताच्या पालथ्या बाजूसारख्या लागल्या तर बरोबर. आज बहुधा तळहात लागेल. पालथा हात लागायला लागला की काटा ३१ दाखवत असला तरी थांबा, आणि मग दर दोन आठवड्यांनी २० ग्रॅम वाढवत वजन कुठे स्थिरावतं ते बघा.