दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरानंतर : काय बदललं, काय टिकलं?

इगतपुरीच्या धम्मगिरीवर किंवा अन्य केंद्रावर विपश्यनेचं, म्हणजे शरीरातल्या संवेदना तटस्थपणे पाहण्याच्या ध्यानाचं, दहा दिवसांचं शिबिर केलेल्या जुन्या साधकांनी इथे लिहावं. तिथले दिवस कसे गेले यापेक्षा घरी परतल्यावर काय बदलतं आणि ते का टिकतं किंवा सुटतं, हे हवं आहे. नव्याने अर्ज भरणाऱ्यांना उपयोग होईल असं नेमकं लिहा.

जुनी साधिका, नाशिक

सगळ्यात आधी बदलते झोप. शिबिरात पहाटे ४ ला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद. घरी आल्यावर आठवडाभर पहाटे आपोआप जाग येते. त्या आठवड्यातच सकाळची बैठक बसवून टाका, नंतर ते जड जातं. अपेक्षा सकाळ-संध्याकाळ एकेक तासाची आहे. सकाळची बैठक सहसा टिकते, सुटते ती संध्याकाळची, कारण आपण ती जेवणानंतर ढकलतो आणि भरल्या पोटी डुलक्या लागतात. कामावरून आल्यावर हातपाय धुवायचे आणि चहाच्याही आधी बसायचं.

जागा एकच ठेवा. बूड गुडघ्यांपेक्षा वर राहील एवढी जाड उशी घ्या, कंबर आपसूक सरळ राहते. गुडघे खरंच खराब असतील तर खुर्ची घ्या, त्यात कमीपणा काही नाही. झोप आलीच तर थोडा वेळ मुद्दाम जोरात श्वास घ्या, मग पुन्हा नैसर्गिक श्वासावर या. शेवटची पाच मिनिटं मैत्रीसाठी, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्यासाठी, राखून ठेवा, घाईत तीच गाळली जातात.

साधक, पुणे

रागाबद्दल लिहितो, कारण बहुतेकजण त्यासाठीच जातात. राग येणं थांबत नाही, आणि ती अपेक्षा धरणारा दुसऱ्या महिन्यात साधना सोडतो. बदलतं ते एवढंच की राग शरीरात लवकर कळतो : श्वास आखूड होतो, कानामागे गरम वाटतं, जबडा आवळतो. उत्तर देण्याआधी लक्ष नाकपुड्यांखाली, वरच्या ओठाच्या वर आणायचं. पहिले साडेतीन दिवस आनापान (येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास पाहणं) करवून घेतात ते याच जागेवर मन टेकवण्यासाठी. दोन-चार श्वास दिसले तरी तोंडून जाणारं वाक्य बदलतं.

एक गल्लत फार होते. समता (संवेदना सुखद असो वा दुःखद, मन समतोल ठेवणं) म्हणजे गप्प बसणं असं समजून लोक राग गिळतात आणि तिसऱ्याच माणसावर काढतात. संवेदना पाहायची, ती बदलतेय हे जाणायचं, आणि जे बोलायचं ते बोलायचंच.

धम्मसेविका, नागपूर

घरी साधना बिघडते ती धाराप्रवाहाच्या ओढीने. शेवटच्या दिवसांत काहींना सगळ्या अंगावर एकसारखी सूक्ष्म लहर जाणवते, तोच धाराप्रवाह. घरी पंख्याखाली, गाड्यांच्या आवाजात बसल्यावर फक्त गुडघा ठणकतो, मग वाटतं की साधना गेली. गेलेली नसते. सुखद संवेदना मागणं हीच तृष्णा, आणि नेमकी तीच सोडायला आपण शिकत असतो. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष क्रमाने फिरवा. जिथे काहीच कळत नाही तिथे साधारण मिनिटभर थांबा आणि पुढे चला. मन फारच पळत असेल तर सबंध तास आनापानाला द्या.

त्या तासात मंत्रजप किंवा रेकी मिसळू नका. दोन्हीकडचं काहीच धड होत नाही.

साधक, ठाणे

जेवणाबद्दल थोडक्यात. शिबिरात संध्याकाळी नव्यांना चहा-फळं मिळतात, जुन्यांना लिंबूपाणी. घरी येऊन रात्रीचं जेवण एकदम बंद करू नका, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नको. भूक कमी झाली असेल तर हलकं आणि लवकर जेवा, झोपही सुधारते.

एकट्याने टिकत नसेल तर जवळची आठवड्याची सामूहिक साधना शोधा. मुंबईत गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडात जुन्या साधकांसाठी एक दिवसाची शिबिरं होतात, सुटलेली घडी त्याने पुन्हा बसते. दहा दिवस पुन्हा करण्यापेक्षा आधी हे करून पाहा. शिबिरात सेवेला गेलात तर स्वयंपाकघरातल्या गडबडीत समता किती टिकते हेही कळतं.

साधिका, कोल्हापूर

मानसोपचाराची औषधं चालू असतील तर अर्जात स्पष्ट लिहा, आणि शिबिराआधी किंवा नंतर ती स्वतःच्या मनाने थांबवू नका. घरी आल्यावर झोप पूर्ण उडाली, भीती वाढली किंवा भास होऊ लागले तर बैठक थांबवून आधी डॉक्टरांना गाठा, मग शिबिर चालवणाऱ्या सहायक आचार्यांशी बोला. याला ‘विकार बाहेर पडतायत’ म्हणून सोडून देणं धोक्याचं आहे.

शिबिरातलं मौन सुटलं की बोलण्याला ऊत येतो आणि घरच्यांना उपदेश सुरू होतो. पहिला महिना कुणालाही ‘तूही जाऊन ये’ म्हणू नका. नोकरी सोडणं, नातं तोडणं असे निर्णयही त्या महिन्यात घेऊ नका. तुमच्यात काही बदललं असेल तर घरचे आपणहून विचारतील, तेव्हा सांगा.